सव्वातीन मिलिमीटरचं भांडण

तिसरा बसथांबा मागे पडला तरी थोरली थांबेना. धाकटी जाऊ तिच्या मागून अर्धी चालत, अर्धी पळत होती. एका हातात थोरलीच्या चष्म्याची डबी, दुसऱ्या हातात स्वतःची पिशवी आणि ओठांतल्या ओठांत देवाचं नाव. देवाकडे तिचं मागणं एवढंच होतं की बाबा रे, समोरून कोणाला आडवा पाठवू नकोस, आज ताईंच्या तोंडी लागेल त्याची धडगत नाही.

चष्म्यानेच तिला यात ओढलं होतं. थोरली सकाळी वाचायचा चष्मा घरी विसरली, म्हणून दुपारी धाकटी तो पोचवायला हॉस्पिटलात गेली. डबी हातात ठेवायच्या आत थोरली तिच्या खात्याच्या साहेबांच्या खोलीतून बाहेर आली. चेहरा लाल नव्हता, पांढराफटक होता. तिचा चेहरा लाल असेपर्यंत घाबरायचं कारण नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. "चल," म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. घर तिथून आठ किलोमीटर.

पहिल्या थांब्यापाशी धाकटीने बस दाखवून पाहिली होती. त्यावर उत्तर आलं, "बसमध्ये बसले तर कंडक्टरला खाईन मी. तू जा हवं तर."

धाकटी कसली जातेय. थोरलीला अशा वेळी एकटी सोडणं म्हणजे पेटती चूल सोडून शेजारी गप्पा मारायला जाणं. ती निमूट मागे राहिली. उड्डाणपूल गेला, लाकडाच्या वखारी गेल्या, टायरवाल्यांची रांग सुरू झाली, तेव्हा कुठे थोरलीच्या तोंडून सलग वाक्यं यायला लागली.

थोरली एकतीस वर्षं एक्स-रे खात्यात होती. एकोणिसाव्या वर्षी लागली तेव्हा अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म औषधात बुडवायची आणि चिमट्याला टांगून वाळवायची. त्या औषधाचा वास बोटांत इतका मुरला होता की लग्नानंतर नवऱ्याने केलेली पहिली तक्रार तीच, आणि बहुतेक शेवटचीही. धाकटीचे हे मोठे दीर म्हणजे शब्दाला शब्द न लावणारा माणूस. नाहीतर त्या घरात एक कपबशी शाबूत राहिली नसती. हॉस्पिटलात तिला पाठीमागे ठिणगीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्यात तिला वावगं काही वाटत नसे. घरात कोणाचा फोटो काढायचा झाला तरी ती सवयीने म्हणायची, श्वास धरा, हलू नका. आणि पोरंटोरंसुद्धा खरंच श्वास धरायची.

तिचा एक हट्ट होता. गरजेपेक्षा एक फोटोही जास्त काढायचा नाही. बारा वर्षांपूर्वी धाकटीच्या छातीत काहीतरी आहे असा संशय आला, दोन एक्स-रे झाले आणि एका शिकाऊ डॉक्टरने तिसरा सांगितला. थोरली तो कागद घेऊन सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिसरा कशाला, म्हणाली, दुसऱ्यातच सगळं आहे, बघायला डोळे हवेत. डॉक्टरने पुन्हा बघितलं आणि त्याला ते दिसलं. औषधांनी धाकटी बरी झाली. तेव्हापासून देवाच्या खालोखाल तिने कोणाला मानलं असेल तर या जावेला. तोंडावर मात्र कधी बोलली नाही. बोलली असती तर शिव्या खाल्ल्या असत्या.

अशा बाईला साहेबांनी आज निष्काळजी म्हटलं होतं. तेही लेखी.

प्रकरण असं होतं. थोरलीच्या ताब्यात एक फिरणारं यंत्र होतं. माणूस टेबलावर निजतो आणि यंत्राचा हात मिनिटभरात त्याच्याभोवती एक फेरी मारतो. एका बाजूने किरण सुटतात, समोरची सपाट पाटी ते झेलते, आणि त्या एका फेरीत साडेसहाशे फोटो निघतात. थोरली त्यांना सावल्या म्हणे. भिंतीवरच्या एका सावलीवरून माणूस जाडा की बारीक एवढंच कळतं. पण चहूबाजूंच्या साडेसहाशे सावल्या हाताशी असल्या तर गणिताने त्यांतून आख्खा माणूस परत उभा करता येतो, हाडामांसासकट, आणि मग तो हवा तिथून कापून बघता येतो. हे गणित करणारा कंपनीचा प्रोग्रॅम यंत्राबरोबरच आला होता. त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते: प्रत्येक सावली पडली तेव्हा किरण कुठून आले आणि पाटी नेमकी कुठे होती. तेवढं चुकलं की सगळं मुसळ केरात.

बारा दिवसांपूर्वी पाटी बिघडली. कंपनीचा दुरुस्तीवाला आला, त्याने ती काढली, परत बसवली आणि गेला. नियम असा की पाटीला हात लागला की आधी एक बारीक पोलादी गोळी टेबलावर ठेवून रिकामी फेरी मारायची. सगळं जागच्या जागी असेल तर चित्रात गोळीचा ठिपका येतो, नसेल तर कडं येतं. साहेबांनी ती चाचणी न करताच कागदावर सही ठोकली, कारण बाहेर रांग होती आणि रांगेबद्दल वरून विचारणा होत होती. पुढच्या चार दिवसांत अकरा माणसांची चित्रं निघाली, ती सगळी पुसट, प्रत्येक हाडाला दोन दोन कडा. फॉर्मवर कारणाची एक चौकट होती. तिच्यात साहेबांनी अकरा वेळा एकच लिहिलं: रुग्ण हलला. रुग्ण हलला म्हणजे काचेपलीकडून बघणारीने बघितलं नाही. बघणारी कोण, तर थोरली.

पुढच्या आठवड्यात दुरुस्तीवाला गुपचूप पुन्हा येऊन गेला. पाटी सरकवली आणि कागदावर लिहून गेला, किरकोळ सफाई.

आता अकराही जणांना पुन्हा टेबलावर निजवायचं ठरलं होतं. थोरलीला नोटीस मिळाली होती. उद्या दहापर्यंत लेखी उत्तर द्यायचं, ते पटलं नाही तर यंत्राचं काम काढून तिला तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. शिवाय यंत्र या कच्च्या सावल्या चौदाच दिवस ठेवतं, मग आपोआप पुसतं. परवा चौदावा दिवस होता.

"म्हणजे परवा पुरावाही गेला आणि लोकांना पुन्हा किरणंही खायला लागली," थोरली म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि माझं सोड गं, मी बसेन तळघरात. त्या अकरा जणांनी काय पाप केलंय?"

पण थोरलीकडे काहीतरी आहे हे धाकटीने ओळखलं. नुसती हरलेली माणसं इतक्या वेगाने चालत नाहीत.

होतंच. पूर्वी त्या खात्यात भौतिकशास्त्राच्या एक मॅडम होत्या. नोकरी सोडून जाण्यापूर्वी त्यांनी खात्यातल्याच संगणकावर एक फुकटचा प्रोग्रॅम रीतसर परवानगीने बसवला आणि थोरलीला शिकवला. त्याला बटणं नाहीत, रंग नाहीत. एक काळी खिडकी उघडते आणि तिच्यात हाताने एका ओळीत हुकूम लिहायचा: या सावल्या घे, पाटीच्या आणि किरणांच्या जागा या फायलीतून वाच, एवढा लांब, एवढा रुंद ठोकळा उभा कर आणि या नावाने ठेव. एखादी रेघ राहिली तर तो इंग्रजीत फणकारतो. सगळं बरोबर असेल तर एक चकार शब्द काढत नाही, गपचूप काम करून बाजूला होतो. अगदी तुझ्या दिरांसारखा, असं थोरली सांगे. थोरलीचं इंग्रजी मराठी शाळेतलं, बेताचं. तिने एक दोनशे पानी वही केली होती. डाव्या पानावर हुकूम जसाच्या तसा, उजव्या पानावर त्याचा अर्थ मराठीत, आणि खाली लाल शाईने आपण कुठे माती खाल्ली ते.

पाचव्या दिवशी, पाटी अजून तशीच वाकडी असताना, जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच गोळी ठेवून रिकामी फेरी मारली होती. मग साडेसहाशे सावल्यांत गोळी कुठे कुठे गेली ते मोजलं. गोळी मधल्या रेघेच्या जितकी डावीकडे जाते तितकीच उजवीकडे यायला हवी. येत नव्हती. सबंध फेरीत एकाच अंगाला झुकत होती. हिशोब काढला तर पाटी बाजूला सरकलेली होती, सव्वातीन मिलिमीटर.

पहिल्या खेपेला तिने तो आकडा फायलीत उलट्या चिन्हाने घातला. हाडांच्या दोन कडा जवळ यायच्या सोडून आणखी लांब गेल्या. तिने स्वतःला दोन शिव्या दिल्या, वहीत लाल शाईने लिहिलं, आकड्याआधी वजाची रेघ घातली आणि हुकूम पुन्हा सोडला. वीस मिनिटं काळी खिडकी गप्प होती. मग पहिल्या माणसाचा कणा समोर आला. एकच कड, धारदार, मणका न् मणका मोजून घ्यावा असा.

"मला रडूच आलं," थोरली म्हणाली, आणि लगेच, "रागाने. इतकं सोपं होतं. एका आकड्याचा फरक. चाचणी केली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं."

ती चित्रं घेऊन ती आज साहेबांकडे गेली होती. यावरून उपचार करा असं तिचं म्हणणंच नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये त्या चार दिवसांपुरता आकडा दुरुस्त करा आणि त्याच सावल्या त्याच्यातून पुन्हा काढा, म्हणजे माणसांना परत बोलवायला नको. साहेबांनी चित्रांकडे पाहिलंदेखील नाही. काळ्या खिडकीतले खेळ बाईंनी घरी करावेत, असं त्यांनी सुचवलं. मग खुर्चीत मागे रेलून हसले आणि म्हणाले, "बाई, नाचता येईना अंगण वाकडं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" धाकटीने भीत भीत विचारलं.

"म्हटलं, साहेब, अंगण वाकडंच होतं. मी मोजून आणलंय. किती वाकडं ते सांगू का, की वाकडं आहे हे न बघता सही कोणी केली ते आधी सांगू?"

धाकटीने कपाळाला हात लावला. पण आतून तिलाही ऊब आल्यासारखं झालं. तिचाही राग आता चढायला लागला होता, तिच्या पद्धतीने, मंद आचेवर. गल्लीत कोणाला अर्ज लिहायचा असला की लोक धाकटीकडेच यायचे. नळाचा असो, शाळेचा असो की पेन्शनचा, तिच्या हातचा अर्ज सहसा परत येत नसे. चालता चालताच तिच्या डोक्यात वाक्यं जुळायला लागली. उद्या सकाळी साहेबांच्याही वरच्या, हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेरगावाहून परत येणार होत्या आणि उत्तर साहेबांच्या हातात न देता त्यांच्या हातात द्यायची मुभा नोटिशीतच होती. त्या बाई खमक्या, पण त्यांचीही एक सवय सगळ्या हॉस्पिटलाला माहीत. पहिलं पान वाचून पटलं तर दुसरं उलटतात, नाहीतर कागद बाजूला.

एका बंद टायर दुकानाच्या पायरीवर थोरली अचानक बसली. चप्पल काढून तळवा चोळायला लागली. निम्मा रस्ता झाला होता. धाकटीने पाण्याची बाटली पुढे केली आणि पिशवीतून पेन आणि जुन्या दिनदर्शिकेचा कोरा कागद काढला.

"तुम्ही फक्त सांगा, मी लिहिते," ती म्हणाली. "सुरुवात अशी करते. दुरुस्तीनंतर चाचणी न झाल्यामुळे पाटी सव्वातीन मिलिमीटर सरकलेली होती, आणि अकराही रुग्णांची चित्रं..."

"दहा."

"काय दहा?"

"दहाच. आकडा घातल्यावर दहा जण सरळ आले. अकरावा नाही आला."

मग थोरलीने ते सांगितलं. रस्त्याकडे बघत, आवाज खाली उतरवून. तो आवाज धाकटीला चांगला वाटला नाही.

अकरावा होता एक म्हातारा छपाईवाला. नखांत शाई, बोलणं मिठ्ठास. आधीच म्हणाला होता, बाई, मला खोकल्याची ढास लागते, लक्ष असू द्या. थोरलीने त्याला नेहमीचं सांगितलं. ढास आली तर हात वर करा, मी काचेतून बघतेय, तिथल्या तिथे यंत्र थांबवते. त्याचं चित्र काळ्या खिडकीतूनही पुसटच निघालं. तिने आकडा तपासला, चिन्ह तपासलं, गोळी पुन्हा मोजली, फाइल नव्याने केली. चार वेळा हुकूम सोडला. चारही वेळा तेच. तिला वाटलं, पाटी त्या दिवशी आणखी सरकली असेल, आणि त्या दुरुस्तीवाल्याला आणखी एक शिवी हासडली. शेवटी ठोकळा बाजूला ठेवून तिने नुसत्या सावल्या एकामागून एक बघायला घेतल्या. दोनशेचाळीसपर्यंत सगळं ठीक. मग बरगड्या हिसका बसल्यासारख्या उडाल्या. आणि पुढच्या सावलीत, खालच्या कोपऱ्यातून, बोटं आली. पाच बोटांची हाडं. छातीवरून वर, वर सरकत गेली आणि तिथेच थांबली. वीस सावल्या, पंचवीस सावल्या, चाळीस.

"त्याने हात वर केला होता," थोरली म्हणाली. "मी सांगितलं होतं तसाच. आणि धरून ठेवला होता."

धाकटीने पेनाचं टोपण लावलं.

"मी कुठे होते माहितीये? काचेपाशीच. फोनवर. त्या दुरुस्तीवाल्याला सोलत होते, चित्रं पुसट येतायत, पाटी वाकडी बसवलीस म्हणून. पाठ काचेकडे. अगदी बरोबर बोलत होते गं, शब्द न् शब्द खरा होता माझा. आणि मागे तो म्हातारा हात वर करून निजला होता."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धाकटीने कागदावर बसलेली धूळ झटकली. तिचं डोकं मात्र चालू होतं, आणि ते जिकडे चाललं होतं ते तिला स्वतःलाच आवडलं नाही. तरी ती बोललीच. म्हणाली की ताई, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? साहेब सावल्या उघडून बघणार नाहीत, त्यांना ते येतही नाही. अकराच्या अकरा पाटीवर घालू. पाटी वाकडी होती हे खोटं थोडंच आहे? एक कबूल केलंत तर ते त्या एकालाच धरून बसतील. म्हणतील, बघा, स्वतःच सांगते की बघत नव्हती, मग बाकीच्या दहांचंही तेच. डॉक्टरीणबाई पहिल्याच पानावर कागद ठेवून देतील. त्या दहा जणांसाठी तरी एवढं पोटात घाला. देव काही हॉस्पिटलात रजिस्टर तपासायला येत नाही.

शेवटचं वाक्य आपल्या तोंडून गेलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिने मान खाली घातली.

थोरली तिच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चप्पल पायात सरकवली, चष्म्याची डबी धाकटीच्या हातातून घेतली, चष्मा काढून पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"साहेबांनी अकरा वेळा न बघता लिहिलं, रुग्ण हलला," ती म्हणाली. "आता मी अकरा वेळा न बघता लिहू, पाटी हलली? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला, खुर्चीचा?"

"पण ताई, तळघर..."

"तळघराचं मी बघेन. त्या म्हाताऱ्याला पुन्हा निजावं लागणार आहे टेबलावर, माझ्यामुळे. ते त्याला मी सांगणार, माझ्या तोंडाने. आणि तुझ्या भीतीचं म्हणशील तर ती खरी आहे, धरतील ते मला त्यावरून. धरू देत. पण जी बाई स्वतःची एक चूक मोजून पुढे ठेवते तिचे दहा आकडे एकदा तरी तपासून बघावेत, एवढी अक्कल डॉक्टरीणबाईंना असेल. नसेल तर नसेल."

धाकटीने डोळे पुसले. कागद मांडीवर सरळ केला. आधी लिहिलेल्या दोन ओळींवर तिने रेघ मारली.

"मग सांगा, काय लिहू?"

"साहेबांना सोडू नकोस," थोरली म्हणाली. "सही, तारीख, सफाईचा तो खोटा कागद, सगळं घाल. कुठे 'कदाचित' नको, 'नम्र विनंती' नको. सावल्या परवा पुसल्या जाणार, त्या आधी थांबवा, हे जाड अक्षरात घाल. पण त्याच्या आधी, सगळ्यात वर, पहिल्या ओळीत तो म्हातारा येऊ दे. तुझा हात गोड आहे, तू मला वाचवायला जाशील, ते करू नकोस. 'अनवधानाने' असलं काही लिहू नकोस. सरळ लिही की त्याने हात वर केला होता आणि मी बघत नव्हते. एवढं माझ्यासाठी कर."